परत आलेला बंद फोन : सामायिक उपकरणांची निगा



काही धर्मग्रामांत आता मंडळाचा म्हणून एखाद-दुसरा मोबाईल फोन ठेवलेला असतो. आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या भगिनी तो बरोबर नेतात. बचत गटाचे हिशेब त्यावर होतात. शेतकरी मंडळातील कोणी पिकावरील किडीचा फोटो त्यावरून काढून कृषी अधिकाऱ्यांना पाठवतो. हा फोन सर्वांचा असतो, म्हणूनच तो कोणाचाच नसतो. काम आटोपले की तो कार्यालयात परत येतो, आणि बरेचदा येतो तो बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला. घेणारा वहीत 'मिळाला' असे लिहितो, फोन कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो.

या पाठात आम्हांला एवढेच सांगायचे आहे की, बंद फोनासाठी कपाट ही सर्वांत वाईट जागा होय. फोन परत आला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो हातात घेऊन तपासावा, चार्ज करावा, उघडून पाहावा आणि मगच जागेवर ठेवावा. असे का व कसे करावे, ते क्रमाने पाहू.

तयार नसलेले साधन

रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पापण्या जड होऊ लागल्या, गिळता येईना, की मगच घरच्यांना शंका येते. अशा वेळी मांत्रिक नको, जखम कापणे नको, घट्ट दोरी बांधणे नको. सर्पविषावरील लस असलेले सरकारी इस्पितळ तातडीने गाठणे हाच उपाय. त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी लागते. ही सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि आज गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश व तेलंगणा येथेही तोच क्रमांक चालतो. ११२ हा सर्व तातडीच्या मदतीचा क्रमांकही आहे. परंतु यांपैकी कोणताही क्रमांक बंद फोनावरून लागत नाही.

कोणी म्हणेल, मग तेव्हा चार्जरला लावू. पण बॅटरी अगदी तळाला गेलेली असली, तर वायर जोडल्यावरही फोन लगेच उठत नाही. काही मिनिटे, कधी अर्धा तासही पडदा काळाच राहतो. शिवाय पावसाळ्यात वीज त्याच रात्री गेलेली असते.

प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला आपणांस ठाऊक आहे. त्यांतील पाच जणींजवळ दिवे नव्हते असे नाही. दिवे होते, तेल नव्हते. आणि तेल आणायची आठवण झाली ती मध्यरात्री. आपल्या कपाटातील फोनाचेही असेच होऊ नये.

बॅटरीच्या आत काय घडते

आजच्या फोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती बाजारात प्रथम १९९१ साली सोनी कंपनीने आणली. ही बॅटरी विकसित करण्याच्या कार्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीचा एक घट पूर्ण भरला की त्याचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो. वापरता वापरता तो उतरत जातो, आणि तीन व्होल्टच्या आसपास किंवा त्याआधीच फोन स्वतःहून बंद होतो. याचा अर्थ, 'शून्य टक्के' दिसले तरी घट अगदी रिकामा झालेला नसतो. थोडी शिल्लक मुद्दाम राखलेली असते, कारण त्याखाली जाणे घटाला घातक आहे.

आता असा फोन दोन-तीन महिने कपाटात पडला तर काय होते? घट आपोआप थोडा थोडा झिरपत राहतो, आणि आतील संरक्षक मंडलही किंचित वीज खाते. राखून ठेवलेली शिल्लक अशी संपते. दाब फारच खाली जाऊन फार दिवस तसाच राहिला, तर घटातील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुढे पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच ठिकाणी साठते आणि घटात आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. म्हणून अशा बॅटरीस संरक्षक मंडल पुष्कळदा चार्ज घेऊच देत नाही. बाजारात कोणी 'झटका देऊन' ती जिवंत करून देतो म्हणाला, तर ते करवून घेऊ नये. मंडलाने दार लावले आहे ते कारणाशिवाय नव्हे.

येथे एक जुना समज दूर केला पाहिजे. 'बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी' असे जाणते लोक सांगत. ते निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातले होते. लिथियमच्या बॅटरीस हा नियम लागू नाही. तिला वरचेवर थोडे थोडे चार्ज केलेले मानवते; दररोज तळापर्यंत उतरवल्यास ती लवकर थकते.

फोन हातात घेताना

बंद फोन परत आला की चार्जरला लावण्याआधी दोन मिनिटे हातात घेऊन पाहावा.

पहिली गोष्ट, तो गरम आहे काय? उन्हात किंवा गाडीच्या टपावर राहिला असेल, तर सावलीत निवू द्यावा. बर्फाजवळ वा शीतकपाटात ठेवू नये.

दुसरी, तो फुगला आहे काय? फोन सपाट टेबलावर पालथा ठेवावा व उताणा ठेवावा. तो डुलत असेल, पडद्याची कड उचललेली असेल किंवा मागचे झाकण वर आले असेल, तर आत वायू धरला आहे. असा फोन चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये.

तिसरी, तो भिजला आहे काय? चार्जिंगच्या भोकात पाणी किंवा चिखल असेल, तर वायर लावू नये. भोक खाली करून हलकेच झटकावा आणि हवेशीर जागी सुकू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची रीत चांगली नाही; तांदळाची पूड व कण भोकात जातात. चुलीजवळ धरणे तर मुळीच नको.

चौथी, भोकात धूळ, कापसाचे धागे किंवा भाताचा भुसा अडकला आहे काय? 'फोन चार्जच होत नाही' या तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते. मऊ कोरड्या ब्रशाने तो काढावा. सुई किंवा टाचणी घालू नये.

या चारांतून जो फोन निभावला, तोच चार्जरला लावावा.

चार्जिंग : जागा, क्रम आणि वेळ

चार्जिंगची जागा फरशीची, कडाप्प्याची किंवा सिमेंटच्या ओट्याची असावी. गादी, उशी, कागदांचे गठ्ठे, मिस्सेची वस्त्रे व मेणबत्त्यांचे खोके यांजवळ ती नसावी. फोन एकावर एक रचू नयेत. चार्जर चांगला असावा; वायरीचे आवरण फाटले असेल तर चिकटपट्टी न लावता ती बदलावी. आणि कार्यालयात कोणी जागे व हजर असताना हे काम करावे. रात्री कुलूप लावून, फोन चार्जरवर ठेवून निघून जाऊ नये.

पूर्ण उतरलेला फोन लावल्यावर अर्धा तास त्याला छेडू नये. दर मिनिटाला बटण दाबून पाहिल्यास जी थोडी वीज जमते, ती पडदा उजळण्यातच जाते. अर्ध्या तासानेही काही चिन्ह दिसले नाही, तर वायर बदलावी, मग चार्जर, मग भिंतीवरचा प्लग. तिन्ही बदलूनही तो निर्जीवच असेल, तर तो 'थांबवा' या खणात ठेवावा व दुरुस्तीस द्यावा.

रविवारी मिस्सेनंतर तीन-चार फोन एकदमच परत येतात आणि प्लग एक-दोनच असतात. अशा वेळी आधी आला त्याला आधी, हा नियम उपयोगाचा नाही. जो फोन सर्वांत आधी बाहेर जाणार आहे, तो प्रथम लावावा. आजाऱ्यांच्या भेटीचा फोन हिशेबाच्या फोनाआधी असावा. मग बाकीच्यांना पाळीपाळीने अर्धा-अर्धा तास देऊन निदान जिवंत करावे. पूर्ण भरण्याचे काम नंतर होईल. घाई असेल तर फोन बंद ठेवूनच चार्ज करावा. तो जरा लवकर भरतो.

वेळेचा व खर्चाचा अंदाजही सांगून ठेवतो. आजच्या साध्या फोनात ५,००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी असते. तीत सुमारे १९ वॉट-अवर वीज मावते. दहा वॉटच्या साध्या चार्जरला ती भरण्यास अडीच ते तीन तास लागतात. मध्ये वाया जाणारी वीज धरली तरी भिंतीतून सुमारे २५ वॉट-अवर वीज जाते. म्हणजे विजेच्या एका युनिटात असा फोन सुमारे चाळीस वेळा पूर्ण भरतो. खर्चाचे कारण सांगून चार्जिंग टाळण्याजोगे यात काही नाही.

फोन सुरू झाल्यावर

बंद फोनाची दुसरी अडचण अशी की, त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. बाहेरून तो नीट दिसतो. पण भेटीस गेलेल्या भगिनीने कोणाच्या क्षयरोगाचा अहवाल, कोणाच्या गरोदरपणाची कागदपत्रे फोटो काढून डॉक्टरांना पाठवली असतील. ते फोटो त्यातच आहेत. पुढच्या आठवड्यात तोच फोन शेतकरी मंडळाकडे गेला, तर शेजाऱ्याच्या घरातील दुखणे चार जणांच्या हाती पडेल. आजाऱ्याने विश्वासाने दाखवलेली गोष्ट गुप्त राखणे हा आरोग्यसेवेचाच भाग आहे.

म्हणून फोन सुरू झाला की पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. बंद पडून पुन्हा सुरू झालेला फोन बोटाच्या ठशाने उघडत नाही, पासवर्डाचा आकडा मागतो. तो आकडा फोनाच्या पाठीवर लिहू नये. पण निदान दोन जबाबदार व्यक्तींना तो ठाऊक असावा. एकालाच ठाऊक असला आणि तो गावाला गेला, तर चार्ज केलेला फोनही बंदच.

२. तारीख व वेळ बरोबर आहे काय? औषधाच्या वेळेचा गजर लावलेला असेल, तर फोन बंद असताना तो वाजलेला नसतो. ज्याच्यासाठी तो होता त्याला विचारून घ्यावे.

३. आजाऱ्यांचे फोटो व कागद, काम झाले असल्यास, काढून टाकावेत. 'काढून टाकलेले' म्हणून जो वेगळा खण असतो, तोही रिकामा करावा.

४. नेणाऱ्याने आपले स्वतःचे ईमेल किंवा पैशांचे खाते त्यात उघडले असेल, तर त्याला बोलावून त्याच्याच हातून ते बंद करून घ्यावे. तसे न करता कोणी फोन जबरीने कोरा केला, तर अनेक फोन सुरू होताना आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतात आणि फोन अडकून बसतो.

५. सिमचे रिचार्ज संपले नाही ना, हे पाहावे. एक फोन करून तो खरोखर लागतो याची खात्री करावी.

कपाट आणि वही

कपाटात तीन खण ठेवावेत व त्यांवर ठळक अक्षरांत लिहावे : 'तयार', 'चार्ज करणे आहे', 'थांबवा'. परत आलेला फोन थेट 'तयार' खणात कधीही जाऊ नये. फुगलेला किंवा भिजलेला फोन मात्र लाकडी कपाटात नको; तो पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून, माणसांपासून व जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा.

वहीत 'दिला' व 'मिळाला' एवढ्या दोनच रकान्यांनी भागत नाही. आणखी तीन हवेत : परत आला तेव्हा किती टक्के होता, केव्हा चार्ज केला, आणि कोणी उघडून तपासला. दोन-तीन महिन्यांनी ही वही चाळली की ध्यानात येते की, अमुक फोन नेहमीच बंद येतो. मग दोष नेणाऱ्याचा की थकलेल्या बॅटरीचा, हे अंदाजाने न ठरवता पाहून ठरवता येते.

रोजच्या कामाचा फोन ८० टक्क्यांच्या आसपास भरलेला असावा. जो राखीव आहे व महिनोन्‌महिने लागणार नाही, तो सुमारे अर्धा भरून, बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावा. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवणेही बॅटरीस बाधते. राखीव फोन महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, बाहेर काढून पाहावा.

नेणाऱ्याशी वागणूक

बंद फोन परत आणणाऱ्याला रागावू नये आणि दंडही लावू नये. तो कदाचित आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर जागून आला असेल, किंवा त्याच्या घरी दोन दिवस वीज नसेल. रागावल्यास लोक फोन आणून देण्यासच उशीर करतात, किंवा मुलाच्या हाती पाठवून देतात, आणि फोनाला काय झाले हे आपणांस कधीच कळत नाही. 'बंद असला तरी आजच आणून द्या' असे सांगावे. भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, आणायची जबाबदारी नेणाऱ्याची, अशी वाटणी सोयीची पडते.

मात्र देताना चार गोष्टी बरोबर द्याव्यात : चार्जर, मेणकापडाची पिशवी, तातडीचे क्रमांक लिहिलेला कागद आणि शक्य तर एक पॉवर बँक. दहा हजारांची पॉवर बँक साधा फोन एकदा पूर्ण व दुसऱ्यांदा अर्धा तरी भरते. कागद यासाठी की, फोन बंद पडला तर डॉक्टरांचा, फादरांचा व सिस्टरांचा क्रमांकही त्याच्याबरोबर बंद पडतो. कागदावर असला तर शेजारच्या फोनावरून लावता येतो. त्याच कागदावर शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक लिहावा.

आणखी एक सूचना द्यावी. खानापुरासारख्या जंगलालगतच्या भागात रेंज क्षीण असते. तेथे फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. बोलायचे नसेल तेव्हा विमानाच्या चिन्हाचे बटण दाबून ठेवावे व पडद्याचा उजेड कमी करावा. दिवसभराची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरण्यास तेवढे उपयोगी पडते.

फवारणी पंप व घरगुती यंत्रे

हीच शिस्त इतर सामायिक साधनांनाही हवी. पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात आणि पुढे ती भार धरत नाही. म्हणून पंप परत आला की त्याच दिवशी चार्जिंगला लावावा; सहा ते आठ तास लागतात. त्याआधी टाकी तीनदा स्वच्छ धुऊन आणावी, असे नेणाऱ्यास सांगावे. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, फवारलेल्या शेतातच टाकावे. कीटकनाशकाचा पंप आणि आजाऱ्यांचा फोन एका कपाटात ठेवू नये, आणि पंप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

रक्तदाब मोजण्याच्या व बोटाला लावून ऑक्सिजन पाहण्याच्या यंत्रांत साधे सेल असतात. यंत्र बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून यंत्र खराब होते. रक्तशर्करा पाहण्याच्या अनेक यंत्रांत नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो लहान मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नये. मुलाने तो गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नये. मुलास थेट इस्पितळात न्यावे आणि सेल गिळल्याचे स्पष्ट सांगावे.

बाद बॅटरी आणि अपघात

बाद बॅटरी केराच्या टोपलीत, शेणखताच्या खड्ड्यात किंवा चुलीत टाकू नये. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे बाद बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा दुकानदाराकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रात ती द्यावी. दोन टोकांवर चिकटपट्टी लावून नेल्यास वाटेत शॉर्ट होत नाही.

चार्ज होताना फोनातून धूर आला, तर प्रथम मेन स्विच बंद करावा व सर्वांना बाहेर काढावे. धूर विषारी असतो. तो हुंगत उभे राहू नये. वीज बंद झाल्यावर, दुरून शक्य असेल तरच, भरपूर पाणी ओतावे. पाण्याने बॅटरी निवते. आग वाढत असल्यास ११२ वर कळवावे.

ध्यानात ठेवावे

• बंद फोन आधी तपासावा, मग चार्ज करावा, मग उघडून पाहावा, मगच 'तयार' खणात ठेवावा.
• फुगलेला वा भिजलेला फोन चार्ज करू नये.
• आजाऱ्याचे कागद दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी काढून टाकावेत.
• राखीव फोन अर्धा भरून ठेवावा व दरमहा पाहावा.
• आणणाऱ्याला रागावू नये.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळाच्या कपाटात आज किती फोन आहेत, आणि त्यांतील किती या क्षणी लागतील?
२. फोनाचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? ते सर्व एकाच दिवशी गावाबाहेर असतील काय?
३. परत आलेले फोन व पंप घेण्याचे काम आपल्याकडे नेमके कोणाचे आहे? ते कोणाचेच नसेल, तर याच बैठकीत एक नाव ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.